ळ परळचा

ईडलिंबू, उखळ, एडका, ऐरण, खटारा. परळच्या भोईवाड्यातल्या चार वर्षांच्या मुलाने यातलं काय पाहिलेलं असतं? बहुतेक काहीच नाही. तरी अंकलिपीत आणि बालवाडीच्या तक्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हीच चित्रं छापली जातात. ओळखीच्या वस्तूचं बोट धरून अनोळखी अक्षरापर्यंत पोचायचं, एवढ्यासाठी तर चित्र असतं. 1658 साली शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने मुलांच्या सचित्र पुस्तकात अक्षरांशेजारी कावळा आणि कोकरू बसवले, कारण त्यांचे आवाज मुलाच्या कानावर रोज पडत होते. आपल्याकडे मात्र अक्षर शिकवण्याआधी चित्रच समजावून सांगावं लागतं.

त्याच तक्त्यांवर पुढे येतात भ भटजीचा, य यज्ञाचा आणि क्ष क्षत्रियाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 ते 1934 या काळात याच परळमध्ये, दामोदर हॉलजवळच्या बीआयटी चाळीत राहिले. त्या वस्तीतल्या मुलाच्या पहिल्या अक्षरांत भटजी आणि क्षत्रिय मानाने बसलेले असावेत आणि त्याच्या घरातलं एकही माणूस नसावं, हे मला मान्य नाही. गिरणीतला साचेवाला कुठे आहे? रुग्णालयातली आया कुठे आहे? मुंबई महापालिकेने सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1925 साली सुरू केलं, ते एफ आणि जी वॉर्डांत. परळ एफ वॉर्डातलं. कामगाराच्या मुलाला अक्षर दिलं त्याला शंभर वर्षं झाली. त्याचं जग तक्त्यावर कधी येणार?

वस्तीत चित्रांचा तुटवडा नाही. द दवाखान्याचा: केईएम, वाडिया, टाटा हाकेच्या अंतरावर आहेत. ल लसीचा: हाफकिन संस्था परळचीच, आणि लस तर प्रत्येक मुलाने दंडावर सोसलेली. थ थराचा: दहीहंडीचे थर पाहिलेल्या मुलाला आकाशातला थवा कशाला? व वड्याचा, भ भज्यांचा, ट टपरीचा. ण वरणाचा, कारण बाण कुणाच्याच घरात नसतो. आणि क्षत्रियाच्या जागी क्ष-किरण काढा. केईएमच्या रांगेत आजीसोबत बसलेल्या नातवंडाला तो शब्द आधीच पाठ असतो. जुनं सगळं फेकायचंही कारण नाही. छत्री राहू दे, पतंग राहू दे, नळ तर राहूच दे. चाळीत दिवस नळावरच सुरू होतो.

आता आवाजाचं बघा. मराठीत च दोन. चाळीतला वेगळा, चहातला वेगळा. ज सुद्धा दोन. जाळ्यातला वेगळा, जत्रेतला वेगळा. मूल हे दोन्ही उच्चार घरात बिनचूक करतं, पण तक्ता एका अक्षराला एकच चित्र देतो आणि दुसरा उच्चार गिळून टाकतो. चाळ आणि चहा ही दोन चित्रं शेजारीशेजारी काढली, की तीन वर्षांच्या पोरालाही मराठीची ही खुबी कळेल.

खरा घाला मात्र मोबाइलने घातला आहे. त्यावरची अक्षरगाणी आणि बाजारातली प्लास्टिकची अक्षरं बहुतेक हिंदी वर्णमालेची. मराठीत ल आणि श कसा लिहायचा हे 2009च्या शासननिर्णयाने ठरवून दिलं. पडद्यावर मात्र हिंदी वळणाचे ल आणि श मिरवतात. त्याहून वाईट म्हणजे तिथे ळ नाहीच. ळ नाही म्हणजे चाळ नाही, बाळ नाही, टिळक नाहीत. आणि परळ नाही! ज्या अक्षरांत मुलाला स्वतःचा पत्ता लिहिता येत नाही, ती त्याची पहिली अक्षरं होऊ देऊ नका.

हे कुणाला नवं खूळ वाटत असेल, तर जवळचाच दाखला आहे. ताराबाई मोडक यांनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केलं. पुढे 1945 पासून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात शंख-शिंपले, बिया, पानंफुलं हेच शिक्षणाचं साहित्य केलं. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरी यांनी 1960च्या दशकात प्रौढ कष्टकऱ्यांना साक्षर केलं ते ‘वीट’, ‘झोपडपट्टी’ अशा त्यांच्याच तोंडच्या शब्दांतून. माणूस आपल्या जगाचं नाव आधी वाचतो, मग इतरांच्या जगाचं. ईडलिंबू आणि ऐरण पुढे जरूर शिकवा. ते आपलेच शब्द आहेत. पण ते पहिल्या दिवसाचे नाहीत.

म्हणून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक बालवाडीला छापील तक्त्यासोबत एक कोरा तक्ता द्या. फक्त चौकोन आखलेला, प्रत्येक चौकोनात एक ठळक मराठी अक्षर. चित्रं ताई, मुलं आणि पालक मिळून काढतील. भोईवाड्याचा तक्ता वेगळा होईल, गिरगावचा वेगळा, शिवडीचा वेगळा. त्यासाठी समिती नको आणि निविदाही नको. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा हे कोरे तक्ते भिंतीवर हवेत.