समुद्र उजव्या हाताला

एक्केचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून बसलेल्या माणसाला ‘सध्या काय करतोस?’ असं विचारायला महाराष्ट्रात कोणाची परवानगी लागत नाही. सोसायटीचा वॉचमन विचारतो. दातांचे डॉक्टर तोंडात आरसा घालून विचारतात आणि उत्तराची वाटही बघतात. त्यामुळे गुहागर ते गणपतीपुळे किनाऱ्याने चालत जायच्या मोहिमेची माहिती हाती आली, तेव्हा मला तिच्यात निसर्ग वगैरे काही दिसला नाही. ‘चालतोय’ हे उत्तर दिसलं.

शिवाय वाट चुकायची सोय नव्हती. आमच्या म्होरक्याने गुहागरच्या पुळणीवर उभं राहून एकच सूचना दिली: दक्षिणेला जायचंय, समुद्र उजव्या हाताला ठेवा. इतका स्वच्छ सल्ला मला आजवर कुठल्या वरिष्ठाने दिला नव्हता. समुद्र डाव्या हाताला आला, की समजायचं आपण दाभोळकडे निघालो.

मंडळी मोजकीच होती. बँकेतून निवृत्त झालेले काका, नाशिकला भूगोल शिकवणाऱ्या बाई, बारावीनंतर ‘ब्रेक’ घेतलेला एक मुलगा, आणि एक पुण्याचं जोडपं. जोडप्यातले दोघे आपापसात फक्त पाण्याच्या बाटलीपुरतं बोलत. काकांनी पहिल्याच किलोमीटरला माझी सगळी माहिती काढून घेतली. कर्जाच्या अर्जात असतात ते सगळे रकाने भरून झाले आणि ‘उत्पन्नाचं साधन’ इथे गाडी अडली. गुहागरची पुळण सहा किलोमीटरची. तेवढ्यात त्यांनी मला सात व्यवसाय सुचवले, त्यातले तीन मशरूमचे.

या पट्ट्यात चालायला वेळ लागतो तो वाळूमुळे नाही, कुलदैवतांमुळे. गुहागरला व्याडेश्वर, पुढे वेळणेश्वर, त्यापुढे हेदवीचा दशभुज गणेश. दर दोन डोंगरांआड कुणाचं ना कुणाचं दैवत निघतं आणि घाम पुसून, बूट काढून आत जावं लागतं. काकांचा व्याडेश्वर, बाईंच्या माहेरचा वेळणेश्वर. ‘तुमचं कुठलं?’ काकांनी विचारलं. म्हटलं, जेजुरी. ‘म्हणजे तुम्ही बरोब्बर उलट्या बाजूला आलात,’ काका म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. निदानाला पुरावा मिळाला होता.

नकाशावर कोकणचा किनारा सरळ उतरताना दिसतो. ती नकाशा काढणाऱ्याची फसवणूक आहे. प्रत्यक्षात पुळण संपते तिथे काळा कातळ समुद्रात घुसलेला असतो, कातळ संपतो तिथे खाडी. समोरच्या काठावरच्या माणसाचा शर्ट कुठल्या रंगाचा ते दिसतं, पण त्याच्यापाशी जायचं तर होडी हवी. होडीवाला जेवायला गेलेला असला, की समुद्राला पाठ दाखवून थेट पूर्वेकडे चालायचं, साकव गाठायचा, आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. दोन तासांनी आपण त्या शर्टवाल्यापाशी पोचतो. तो म्हणतो, ‘हाक मारायची नाय काय? माझीच होडी हाय.’ या वेळात समुद्र आधी पाठीला, मग समोर आणि मग पुन्हा उजव्या हाताला येऊन गेलेला असतो. म्होरक्याच्या सूचनेत खाड्यांची तरतूद नव्हती.

कातळाला वळसा घालायचा तर ओहोटी लागते, नाहीतर सड्यावर चढून उन्हात होरपळायचं. काकांच्या मोबाइलवर भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं. दर अर्ध्या तासाने ते त्यातून बुलेटिन काढत. बोऱ्याला जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना त्यांनी ते कौतुकाने दाखवलं. आजोबांनी मान वर न करता विचारलं, ‘आज तिथ काय?’ बाईंनी सांगितलं, षष्ठी. ‘साडेचारला भरती.’ काकांनी बघितलं. अ‍ॅप जवळपास तेच म्हणत होतं. हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करायची: साही पाऊणे साडेचार. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो, भरती त्याच्या मागे मागे. बाईंनी तिथेच वाळूत काडीने चंद्र, पृथ्वी काढून आम्हाला कारण समजावलं. मुलगा म्हणाला, हे शाळेत असं का नाही सांगत? बाई म्हणाल्या, ‘सांगते की. तुम्ही ब्रेकवर असता.’

सकाळच्या ओहोटीत कातळावर बायका कालवं काढत बसलेल्या असायच्या. कातळाला घट्ट चिकटलेलं शिंपलं, त्यावर लोखंडी टोचणीचा एक ठोका, झाकण निघालं, बोटाएवढा मऊ गोळा डब्यात, पुढचं शिंपलं. पाणी चढायला लागलं की टोपली उचलून चालू लागायचं. मी बराच वेळ बघत राहिलो. शेवटी एकीने विचारलं, ‘काय हवंय?’ हाच प्रश्न बायकोने गेल्या चैत्रात विचारला होता. तेव्हाही मी ‘काही नाही, बघतोय’ म्हणालो होतो.

हेदवीला बामणघळ आहे. किनाऱ्याच्या कातळात पडलेली अरुंद, लांब चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, पुढे जायला जागा मिळत नाही, म्हणून आभाळात उडतं. अडचण अशी, की चालायला ओहोटी लागते आणि बामणघळीला भरती. आम्ही ओहोटीत पोचलो. चीर रिकामी. तळाशी पाणी चुळा भरल्यासारखं करत होतं. मोहिमेत पहिल्यांदा मतदान झालं आणि थांबायचं ठरलं. अडीच तास आम्ही एका भेगेकडे बघत बसलो. पुण्याच्या जोडप्याने वेळ जावा म्हणून भांडण काढलं. बाटली सोडून दुसऱ्या विषयावरचं ते पहिलंच बोलणं, त्यामुळे आम्हाला बरं वाटलं. साडेचारच्या सुमाराला आतून तोफेसारखा आवाज आला आणि पांढरा खांब उभा राहिला. काका कडेला वाकून चित्रीकरण करत होते. ते डोक्यापासून अ‍ॅपपर्यंत भिजले. ‘हां म्हंजे काय नाय,’ मागून कोणीतरी गाववाला म्हणाला, ‘उधाणाला या. मग बघा.’

नरवण, रोहिले करत तवसाळला आलो. तिथे फेरीबोट गाड्यांसकट माणसं उचलते आणि शास्त्री नदीच्या मुखापलीकडे जयगडला ठेवते. ही सोय नव्हती तेव्हा भातगावच्या पुलापर्यंत वळसा पडायचा. बोटीत मोटारवाल्यांनी विचारलं, कुठून? गुहागरहून, चालत. सगळ्यांनी आमच्याकडे सहानुभूतीने बघितलं. ‘एस्टीचा संप आहे का?’

मालगुंडला केशवसुतांचं घर बघितलं. काका फलकापाशी थांबून बेरीज-वजाबाकी करू लागले. जन्म 1866, मृत्यू 1905, हुबळीला, प्लेगने. ‘एकोणचाळीस,’ ते हळू आवाजात म्हणाले आणि माझ्याकडे वळले. ‘तुमचं वय किती म्हणालात?’ मी सांगितलं. ‘असू दे,’ ते म्हणाले, ‘प्रत्येकाने कविताच केली पाहिजे असं नाही.’

तिथून गणपतीपुळे म्हणजे उरकल्यासारखंच. पुळ्याला डोंगर हाच देव, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला. एवढं चालून आल्यावर आणखी एक गोल चक्कर मारताना आमचे पाय जे बोलत होते, ते देवाच्या दारात लिहिण्यासारखं नाही. चक्कर पूर्ण होते न होते तोच आईचा फोन आला.

‘नवस बोललास का नोकरीचा?’

‘नाही.’

‘मग एवढा चालत गेलास कशाला?’

काकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. ‘वहिनी, काळजी करू नका. यांच्या वतीने मी बोललोय. पाच नारळ.’ पलीकडून आशीर्वादांचा वर्षाव झाला असावा, कारण काकांनी फोनपुढेच मान लववली.

‘अहो काका, नोकरी लागली तर फेडायला मला परत यावं लागेल ना?’

‘नोकरी नाही मागितली,’ काका बूट घालत म्हणाले. ‘काय करायचं ते तुमचं ठरू दे, एवढंच मागितलं. नोकरीला एकवीस लागले असते.’