पाटी बाईची, किल्ली भावाची

मलबार हिलवर मुख्यमंत्र्यांच्या सरकारी बंगल्यावर बाईच्या नावाची पाटी आहे, 'वर्षा'. 1960 पासून महाराष्ट्राने पुष्कळ मुख्यमंत्री पाहिले, पण त्यांत बाई एकही नाही. घर बाईच्या नावावर असलं की किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे सातबारा वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

प्रतिभाताई पाटलांचंच बघा. 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून आमदार झाल्या. पुढे एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना सलग चारदा निवडून दिलं. मंत्रिपदंही मिळाली. खाती कोणती? आरोग्य, समाजकल्याण, दारूबंदी, सांस्कृतिक कार्य, शिक्षण. थोडक्यात, आजाऱ्याला काढा द्या, पोरांचा अभ्यास घ्या, बाप्यांची दारू सोडवा, सणवार सांभाळा. बाईच्या अनुभवाची सरकारने एवढी कदर केलेली क्वचितच दिसते! नगरविकास हाती यायला मात्र 1982 उजाडलं.

1979 मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. विरोधी पक्षनेता म्हणजे भावी मुख्यमंत्री, असं निदान प्रत्येक विरोधी पक्षनेता तरी धरून चालतो. 1980 मध्ये त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि मुख्यमंत्री झाले बॅरिस्टर अंतुले. चुलीपुढे एकीने बसायचं आणि पहिलं पान दुसऱ्याचं वाढायचं, ही रीत घरोघरची. विधानभवन काय घराबाहेर आहे?

मग ताईंना दिल्लीचा रस्ता मोकळा झाला. 1985 मध्ये राज्यसभा, पाठोपाठ तिथलं उपसभापतिपद, 1991 मध्ये अमरावतीची खासदारकी, 2004 मध्ये राजस्थानचं राजभवन आणि 2007 मध्ये राष्ट्रपती भवन. तेव्हा शिवसेनेनेही भाजपचा हात क्षणभर सोडून 'मराठी' म्हणून त्यांना मतं दिली. मराठी माणूस बाईसुद्धा असू शकतो, हा शोध त्या निमित्ताने लागला. परदेश दौऱ्यांच्या खर्चावरून टीकाही झाली, म्हणजे राष्ट्रपतीला पुरुषांइतकाच मान मिळाला म्हणायचा. 2009 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या लोहगावहून सुखोईत बसून आभाळात जाऊन आल्या.

आमचे शेजारी त्यावर खूश. ''तिन्ही दलांची सरसेनापती! बाई कुठल्या कुठे पोचली!''

''मग मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत, का नाही पोचली?''

''अहो, ते फार दगदगीचं काम.''

सुखोई झेपतं, सहावा मजला झेपत नाही. आणि तिथे तर लिफ्ट आहे.

आता म्हणे विधानसभेत बायकांना आरक्षण आलंय. विधेयक पहिल्यांदा मांडलं 1996 मध्ये, मंजूर झालं 2023 मध्ये. अट एवढीच की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग अंमल. साखरपुडा झाला, मुहूर्त तेवढा काढायचा राहिला. दरम्यान 2024 ची विधानसभा पार पडली. 288 आमदारांत बायका 21. त्याच वर्षी सरकारने बहिणींना लाडक्या ठरवून महिना पंधराशे रुपये द्यायला सुरुवात केली.

आपल्या घरात तरी वेगळं काय होतं? भाऊबीजेला ताटात पाकीट पडतं, त्यात हात आखडता नसतो. वाटणीचा विषय निघाला की मात्र भाऊ हळूच एक कागद पुढे सरकवतो. वर लिहिलेलं असतं, हक्कसोडपत्र. आणि सहीच्या जागी आधीच फुली मारून ठेवलेली असते.