बारमाही कळसूबाई

कामाला वैतागून कळसूबाईच्या डोंगरावर पळून जाणारी पहिली व्यक्ती खुद्द कळसूच होती. आख्यायिका अशी की, ही कोळ्याची पोर इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. मालकाने मान्य केलं. पुढे एके दिवशी पाहुणे आले, खरकट्याचा ढीग पडला आणि मालकाने अट विसरून तिला भांड्यांना बसवलं. कळसूने भांडी घासली, हात धुतले आणि डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलमध्ये सॅक अडकवून चढणाऱ्या मंडळींचं कारण याहून फार वेगळं नसतं. फक्त ही मंडळी सोमवारी भांड्यांवर हजर असतात.

कळसूबाई, भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा अकोले तालुक्याचा पसारा. ट्रेकर इथे पूर्वीही वर्षभर यायचे, पण आता त्यांच्या मागोमाग गाड्याही बारा महिने येतात. प्रत्येक ऋतूत काहीतरी बघायचं ठरलेलं असतं आणि प्रत्येक ऋतूत ते बहुधा पंधरा दिवसांपूर्वी होऊन गेलेलं असतं. जीपवाले मामा हे अत्यंत सहानुभूतीने सांगतात आणि भाडं पूर्ण घेतात.

भाद्रपद-आश्विनात सोनकी फुलते आणि उतार पिवळे होतात. कारवीचा प्रश्नच नाही. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे तिच्याबाबतीत पंधरा दिवसांची चूक फार महागात पडते. नवरात्रात कळसूबाईची यात्रा भरते. बारी गावातून निघालेली वाट लोखंडी शिड्यांपाशी आली की गर्दी तुंबते, कारण चढणारा आणि उतरणारा दोघांनाही एकाच शिडीवर एकाच वेळी पहिला मान हवा असतो. खालून एखादी आजी अनवाणी, डोक्यावर पूजेचं सामान घेऊन येते, ‘सरा रं पोरांनो’ म्हणते आणि हजारोंचे बूट घातलेले पोरगे कड्याला चिकटून उभे राहतात.

वाटेत लिंबू सरबत मिळतं. खाली एक भाव, मध्यावर दुसरा, शिखराजवळ तिसरा. यावर हुज्जत घालणारे हमखास भेटतात. वास्तविक पाणी, बर्फ आणि लिंबं एका माणसाने डोक्यावरून आणलेली असतात आणि शिखर १६४६ मीटरवर आहे. महाराष्ट्रात याहून उंच जागाच नाही. पर्यटनातला इतका प्रामाणिक दर दुसरीकडे दाखवून द्यावा. हुज्जत घालणाऱ्याला स्वतःची अर्ध्या लिटरची बाटलीही मित्राच्या सॅकमध्ये ठेवायची असते.

थंडीत मोर्चा हरिश्चंद्रगडाकडे वळतो. पाचनईहून वर गेलं की केदारेश्वराची गुहा लागते. भलंमोठं शिवलिंग, भोवती कंबरभर पाणी, आणि चार खांबांपैकी शाबूत एकच. चार खांब म्हणजे चार युगं, उरलेला पडला की कलियुग संपलं, अशी समजूत आहे. तरी फोटोसाठी नेमके त्याच खांबाला रेलणारे लोक आहेत. डिसेंबरच्या सकाळी प्रदक्षिणा घालायच्या निश्चयाने आलेला भाविक पहिलं पाऊल पाण्यात टाकतो आणि तिथेच थबकतो. त्या क्षणी त्याच्या तोंडून निघणारं देवाचं नाव मनापासूनचं असतं.

पुढे कोकणकडा. कोकणातून चढणारा वारा कड्याला आपटून सरळ वर येतो, त्यामुळे इथून फेकलेली हलकी वस्तू परत येते. हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि तरीही प्रत्येक गटातला एकजण बाटलीतलं पाणी दरीत फेकतो, ते तोंडावर झेलतो आणि ‘अरे, खरंच!’ म्हणतो. लगेच दुसरा तेच करतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये इथे गोलाकार इंद्रधनुष्यात स्वतःची सावली पाहिली, ते इंद्रवज्र. त्यासाठी पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुकं लागतं. थंडीतले पाहुणे धुकं नसावं म्हणूनच थंडीत येतात आणि इंद्रवज्र दिसलं नाही म्हणून वाटाड्यावर नाराज होतात.

उन्हाळ्यात साम्रदची सांदण दरी उघडते. पावसात तिथून पाणी धावतं, नंतर माणसं. भंडारदऱ्याला अंब्रेला फॉल आहे. इथलं धरण १९२६ साली पुरं झालं आणि त्याला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव मिळालं. त्यातून सोडलेलं पाणी गोल खडकावरून पसरलं की छत्री तयार होते. म्हणजे ही छत्री उघडायची की मिटायची हे पाटबंधारे खातं ठरवतं. भर पावसात ती मिटलेली पाहून बाहेरच्यांना नवल वाटतं. सरकारी छत्रीचा अनुभव असलेल्यांना वाटत नाही.

मेअखेर काजवे येतात. वळवाचे दोन शिंतोडे पडले, हवा दमट झाली की सादडा, हिरडा, बेहड्याची झाडं लुकलुकू लागतात. हा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. बाहेरचा झोत पडला की संवाद तुटतो. म्हणून गाड्यांचे दिवे, बॅटऱ्या बंद ठेवा असं वनखातं सांगतं. रस्ताभर गाड्या उभ्या राहतात, माणसं अंधारात चाचपडत झाडापाशी येतात आणि एक काका ‘फ्लॅश बंद करा रे!’ असं फ्लॅश चालू ठेवून ओरडतात. काही कुटुंबं तर रात्रभर एकमेकांचे मोबाईलच पाहून परततात.

त्याच दिवसांत पलीकडच्या वाडीत बायका हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर गेलेल्या असतात. घाटघरला वर्षाला ४ ते ५ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याला अहिल्यानगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचा पूर्व भाग ५००-६०० मिलिमीटरवर दिवस काढतो. पण इथला काळा पाषाण पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाहीत. पाणी प्रवरेतून धरणात आणि तिथून कालव्याने खालच्या उसाला. याच वाडीत जेवताना पाहुणे विचारतात, ‘मावशी, भाकरी ऑरगॅनिक आहे का?’ मावशी तव्यावरची भाकरी उलटत म्हणते, ‘आमच्यात तसलं न्हाय बाबा. नागलीची हाय.’

आणि मग पाऊस. यात सगळं असतं, फक्त दिसत काही नाही. घाटघरच्या कड्यावर गाड्यांची रांग लागते, समोर पांढरं धुकं. त्याच धुक्याकडे बोट दाखवून वडील मुलांना ‘तिकडे कोकण’ असं सांगतात. पर्यटकांची गर्दी शिगेला असते आणि गावात चहा करायला माणूस नसतो, कारण सगळं गाव आवणीला खाचरात उतरलेलं. मग गाड्या बांधाशी थांबतात. एखाद्या साहेबाला भात लावायची हौस येते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उतरतो, मूठभर रोपं घेतो आणि बायको मोबाईल धरून ‘जरा वाका, चेहरा दिसू द्या’ म्हणते. चार-पाच चूड लागतात, एक त्याच्याच पायाखाली जातो. बायका तोंडाला पदर लावून ‘लई भारी, दादा’ म्हणतात. गाडी वळणाआड गेली की शेवटची बाई मागे येते, साहेबाने लावलेलं उपटते आणि ओळीत पुन्हा लावते.