खरबुजाची मनधरणी

गच्चीवर बाग करणाऱ्या माणसाचा तोल पायरीपायरीने सुटत जातो. आधी कोथिंबीर, मग मिरची, मग टोमॅटो. टोमॅटो लगडले की त्याला स्वतःविषयी भलत्याच कल्पना येऊ लागतात आणि एका जानेवारीत तो खरबुजाचं बी घेऊन येतो.

टोमॅटो आंबट निघाला तर त्याचं सार होतं. कारलं कडूच असतं, त्यामुळे ते कुणाची निराशा करत नाही. खरबुजाला मात्र गोड असण्यावाचून गत्यंतर नाही. अगोड खरबूज म्हणजे उगाच मिजास केलेली काकडी. नाहीतरी दोघांचं कूळ एकच.

सुरुवातीला येतात ती सगळी नरफुलं. घरचे विचारतात, "एवढी फुलं, फळ कुठाय?" मग कधीतरी बुडाशी इवलीशी हिरवी गोळी घेऊन एक फूल उमलतं. त्याचा मुहूर्त एका दिवसाचा, आणि चौथ्या मजल्यावर मधमाश्या फिरकतीलच असं नाही. म्हणून सकाळी सात वाजता, लुंगी सावरत, एक नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि उरलेले पुंकेसर दुसऱ्या फुलात हलक्या हाताने फिरवायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी हे सगळं बघत असतात. त्यांना काय वाटतं, हे विचारायची सोय नाही.

वेलीवर दोनच फळं ठेवावीत, असं जाणकार सांगतात. पण नवसासायासाने धरलेलं फळ खुडायला हात धजत नाही. खरं दुखणं पुढेच आहे. खरबुजाची गोडी पानांत तयार होते आणि वेलीवरूनच फळात उतरते. आंब्याला अढीत घालून गोड करता येतं, कारण त्याच्या गरात पिष्टाचा साठा असतो. खरबुजाची अशी शिल्लक नसते. तोडल्यावर ते मऊ होईल, घमघमेल, पण गोड व्हायचं नाही. ऐन शेवटी पानांवर भुरी आली की गोडी गेलीच. आणि याच दिवसांत, पाणी कमी करायचं तर, घरातला जो तो "बिचारं उन्हात आहे" म्हणून तांब्या रिकामा करून जातो.

वैनगंगेच्या पात्रात डांगरवाड्या, म्हणजे वाळूतले खरबुजांचे मळे, करणारे असले लाड करत नाहीत. वाळूत खड्डा, त्यात शेणखत, खाली ओलावा, वर रणरणतं ऊन. वेलीला आणखी काय हवं? कुंडीत हे आणायचं कुठून! पानिपत जिंकलेल्या बाबरालाही हिंदुस्थानात चांगली खरबुजं नाहीत याची रुखरुख होती. त्याने ती आग्र्याच्या बागेत लावून घेतली. एकदा खरबूज कापून खाताना आपल्याला रडू आलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. गच्चीवाल्याने हे वाचलं की त्याला मोठा धीर येतो.

शेवटी देठाभोवती बारीक चीर पडते, जाळीदार सालीतून वास सुटतो आणि फळ जरासा हात लावताच वेलीपासून अलगद सुटतं. घरभर वर्दी जाते. ताटात फोडी, भोवती सगळे. गच्चीवाला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवतो आणि सगळ्यांच्याच तोंडाकडे बघतो.

"वास काय भारी आहे हो, बाबा!" लेक म्हणते आणि पिठीसाखरेचा डबा जवळ ओढते.