अडीचशे रुपयांचं बाळ

गडचिरोलीच्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात जे सिद्ध झालं, ते जगाने मान्य केलं. ज्या बायकांच्या हातून ते सिद्ध झालं, त्यांच्या कामाची मजुरी ठरवताना मात्र सरकारचा हात आखडला. तो आजही आखडलेलाच आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, अंगाला ताप आहे की अंग गार पडलंय ते बघायच्या, मिनिटभर श्वास मोजायच्या. जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास द्यायच्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला होता. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ५९.६ होता. जिल्हा तोच, गरिबी तीच, पावसाळ्यात तुटणारे रस्तेही तेच. फरक होता तो दारात येणाऱ्या बाईचा.

त्याच निबंधात एक आकडा आहे, आरोग्य खात्यात बसणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ असायला हवा. दर १८ बाळांची अशी काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता, पोटातला किंवा जन्मानंतरचा.

२०११ मध्ये केंद्राने ही घरभेटीची पद्धत देशभर नेली आणि काम ‘आशां’कडे, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांकडे, दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा फेऱ्या. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची सातवी. या सगळ्याचा मोबदला अडीचशे रुपये. म्हणजे फेरीला जास्तीत जास्त बेचाळीस रुपये. त्यातच पाड्यापर्यंतची पायपीट किंवा वडापचं भाडं, घरच्यांची समजूत, बाळाच्या नाळेला शेण-हळद लावू नका म्हणून सासूशी घातलेला वाद आणि नंतर भरायचे फॉर्म.

२०१८ मध्ये थोड्या मोठ्या बाळांसाठी, तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत, आणखी पाच फेऱ्या आल्या. मोबदला पुन्हा अडीचशेच. मधल्या सात वर्षांत गॅस, तेल, एसटीचं तिकीट, सगळं वाढलं. आशाताईच्या फेरीची किंमत आठ रुपयांनी वर सरकली.

पण मला सर्वांत जास्त चीड येते ती २०११ च्या नियमांतल्या एका अटीची. हे अडीचशे रुपये कधी मिळायचे? बाळाचं वजन कार्डावर नोंदलेलं हवं, बीसीजी आणि पहिल्या लसी झालेल्या हव्यात, जन्माची नोंद हवी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. कमी वजनाचं बाळ आहे. आशाताई तिसऱ्या दिवशी गेली, सातव्या दिवशी गेली, चौदाव्या दिवशी तिला बाळ दूध ओढत नाही असं दिसलं. तिने गाडी बोलावली, सोबत दवाखान्यात गेली, रात्र तिथे काढली. बाळ गेलं. ज्या घरात तिने सर्वांत जास्त काम केलं, त्या घराचा मोबदला या अटीने अडतो. डॉक्टरचा रुग्ण दगावला म्हणून त्याचा पगार कापत नाहीत. मग ही अट कागदावर आलीच कशी? ज्याने लिहिली तो कधी असल्या घरी रात्रभर बसला नसणार.

आता दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, जिल्ह्याच्या ठिकाणी आजारी नवजात बाळांसाठी वेगळे कक्ष उघडले, त्यानेही जीव वाचतात. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताईच्या हाती गडचिरोलीसारखं इंजेक्शनही दिलेलं नाही, त्यामुळे अठरातला एक हा हिशेब तसाच्या तसा उचलून सगळीकडे लावता येणार नाही. तरी बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि बाळाच्या आयुष्यातले पुढचे धोक्याचे दिवस त्या घरातच जातात. तिथे वेळेवर पोचणारी यंत्रणा आशाताईच आहे.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या संपानंतर मासिक मानधनात सात हजारांच्या वाढीचं आश्वासन मिळालं. त्याचा शासन निर्णय निघेना म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मुंबईच्या आझाद मैदानात बसून राहिल्या. मार्चमध्ये वाढ मंजूर झाली ती पाच हजारांची. दिलेला शब्द लेखी मिळावा एवढ्यासाठी, लोकांची बाळं सांभाळणाऱ्या या बायकांना स्वतःची लेकरं घरी ठेवून मैदानात झोपावं लागलं, याची राज्याला लाज वाटायला हवी होती.

बालमृत्यूवर आणखी अभ्यासगट नेमायची घाई नको. घरभेट उपयोगी आहे की नाही हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी सुटलेला आहे. आता त्या भेटीचा दर वाढवा आणि तो महागाईशी बांधा, म्हणजे दर वेळी मैदान गाठावं लागणार नाही. मोबदला महिन्याच्या महिन्याला खात्यात येऊ द्या. आणि जिथे बाळ दगावलं, त्या घरी केलेल्या फेऱ्यांचे पैसे सगळ्यांत आधी चुकते करा.