सहकुटुंब आर.व्ही. प्रवास : नियोजन, शिष्टाचार आणि मैलापाणी

अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं अशा सहा जणांनी भाड्याची आर.व्ही., म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या दर्शनाला निघणं, हा तिकडच्या मराठी घरांत आता सोळा संस्कारांच्या खालोखालचा विधी झाला आहे. बारशाला आणि मुंजीला पोथी आहे, गुरुजी आहेत. या विधीला दोन्ही नाहीत. यजमान किल्ल्या हातात घेऊन थेट उभा राहतो आणि मग जे व्हायचं ते होतं. ती उणीव दूर व्हावी म्हणून हे मार्गदर्शन.

प्रथम वाहन. आर.व्ही.चे ए, बी आणि सी असे तीन वर्ग असतात. 'सी' ऐकताच आजोबा अस्वस्थ होतील, कारण त्यांच्या घराण्यात आजवर कुणी सी श्रेणी आणलेली नाही. ही गुणवत्ता यादी नव्हे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावं. ए म्हणजे अख्खी बस, बी म्हणजे व्हॅन, आणि सी म्हणजे पुढे ट्रकचं तोंड, मागे खोली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला माळा. कुटुंबांना भाड्याने मुख्यतः हीच मिळते. लांबी 25 ते 30 फूट, उंची 12 फुटांच्या आसपास. अशी भाड्याची गाडी चालवायला साधं मोटारीचं लायसन्स चालतं. काल संध्याकाळपर्यंत कोरोला चालवणाऱ्या माणसाच्या हाती आज सकाळी नऊ मीटर लांबीचं घर सोपवणाऱ्या त्या व्यवस्थेच्या श्रद्धेला नमस्कार करावा आणि पुढे जावं.

अ‍ॅव्हरेज गॅलनला 8 ते 10 मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्या आतबाहेर. ज्यांनी आयुष्यभर स्कूटर उतारावर न्यूट्रलमध्ये घालून चालवली, त्यांना हा आकडा सहल संपल्यावर, शक्यतो परतीच्या विमानाच्या सिक्युरिटीच्या रांगेत सांगावा.

गाडीची उंची कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेजवळ चिकटवावी. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी एक रेल्वे पूल होता, उंची 11 फूट 8 इंच. पिवळे दिवे, पाट्या, सगळं काही असूनही भाड्याचे ट्रक वर्षानुवर्षं त्याच्याखाली घुसत आणि छप्पर सोलून घेत. अखेर 2019 मध्ये पूलच 8 इंचांनी उचलला. त्यानंतरही गाड्या धडकतच राहिल्या. तात्पर्य, अमेरिकन पूल आपल्याला बघून वर सरकेल या भरवशावर राहू नये. आणि बर्गरच्या दुकानाच्या ड्राइव्ह-थ्रूत मुलांनी कितीही हट्ट केला तरी शिरू नये.

आता जागेचं आरक्षण. अनेक उद्यानांतल्या कॅम्पग्राऊंडच्या जागा बरोबर सहा महिने आधी, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने सकाळी 10 वाजता खुल्या होतात आणि लोकप्रिय ठिकाणी 10 वाजून काही मिनिटांनी संपलेल्या असतात. इथे आय.टी.तल्या मुलाने आपलं ज्ञान पाजळू नये. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढून जे टिकले, अशा आजोबांना कॅलिफोर्नियात पहाटे पावणेसातला आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसवावं. बोट कधी दाबायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आरक्षणाच्या आधी गाडीची लांबी मात्र तपासावी. ग्लेशियर उद्यानातल्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या डोंगरातल्या भागावर 21 फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे, त्यामुळे सूर्याकडे जायची आपली पात्रताच नाही. झायन उद्यानातला 1930 साली खुला झालेला बोगदा मैलभराहून लांब आहे आणि आर.व्ही.ची कल्पनाही नसलेल्या मोटारींच्या मापाने खोदलेला आहे. मोठी गाडी आत न्यायची तर समोरची वाहतूक थांबवून ती मधोमध काढावी लागे. अशा बातम्या आजोबांना आवडतात. त्या पुरवत जाव्यात.

मार्ग आखताना सर्वांत मोठा धोका असतो तो आपल्या परंपरेचा. दोन दिवसांत अष्टविनायक उरकणारी आपली जात. नकाशावर एकट्या यूटा राज्यात पाच राष्ट्रीय उद्यानं दिसली की घरात आपोआप 'आठ दिवसांत सात' असा प्रस्ताव पुढे येतो. मग प्रत्येक उद्यानात तीन गोष्टी होतात: पाटीपुढे फोटो, स्वच्छतागृह आणि फ्रिजवर लावायचं चुंबक. हा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत फेटाळावा. माझ्या मते उद्यानं दोनच घ्यावीत, ग्रँड टीटन आणि त्याला लागून असलेलं यलोस्टोन. सॉल्ट लेक सिटीला गाडी ताब्यात घ्यावी, उत्तरेकडे निघावं, आणि मोटारीला जे अंतर पाच-साडेपाच तासांचं आहे त्यासाठी दिवस हातात ठेवावा. वाटेत चहाला थांबण्याचे आणि थांबल्यावर 'हा काही चहा नव्हे' असं म्हणण्याचे तास त्यात धरलेले आहेत. प्रवेशाच्या पासाचे दर 2026 पासून दोन झाले आहेत: अमेरिकेत राहणाऱ्यांना वर्षाचा पास 80 डॉलरला, बाहेरच्यांना 250 डॉलरला. ही माहिती निघण्याआधी नीट वाचावी, मोठ्याने वाचू नये.

झोपण्याची व्यवस्था हा खरा नियोजनाचा गाभा, आणि त्याबद्दल कोणतीही कंपनी तोंड उघडत नाही. माहितीपत्रकात फक्त 'सहा जण झोपू शकतात' एवढंच असतं. कोण कुठे झोपतो, हे आपल्या रीतीप्रमाणे ठरतं. मागचा खरा पलंग वडीलधाऱ्यांचा, कारण तो संडासाजवळ आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा मुलांचा, कारण तिथे दुसरं कुणी चढू शकत नाही. उरतं जेवणाचं टेबल. ते खाली पाडलं आणि वर गाद्या पसरल्या की त्याचा पलंग होतो, आणि तिथे झोपतात गाडीचं भाडं भरणारे दोघं. आता आजोबा पाच वाजता उठतात. चहाला टेबल लागतं. टेबलावर सूनबाई झोपलेल्या असतात. आजोबा पंधरा मिनिटं शेजारी उभे राहून घसा साफ करतात. या प्रश्नावर आजवर एकच उपाय सापडला आहे: घडीच्या दोन खुर्च्या, थर्मास आणि बाहेर जाण्याचा हुकूम. यलोस्टोनच्या उंचीवर जुलैतही पहाटे बोटं गोठतात, तेव्हा ज्या माकडटोपीला सामानातून तीनदा बाहेर काढलं होतं, ती कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असावं.

स्वयंपाकघराबद्दल थोडं विस्ताराने. गाडीत प्रोपेनची शेगडी असते, बेताची मोकळी जागा असते आणि छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं. हे यंत्र मोहरी तडतडताच किंचाळतं. त्याला अमेरिकन यंत्राचा भेकडपणा समजू नये; खिडकी उघडावी, पंखा लावावा आणि एका नातवंडाला टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालायला उभं करावं. बॅटरी काढून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये, कारण रात्री ज्या खोलीत सहा जण झोपतात त्याच खोलीत गॅस आहे.

कुकर घेऊ का, असं आजी विचारतील, आणि मुलगा 'कशाला उगाच' म्हणेल. कुकर घ्यावाच. यलोस्टोनचं सरोवर 7,700 फुटांहून उंचावर आहे, तिथे पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजत ठेवली तर तेवढ्यात 'ओल्ड फेथफुल' हा कारंजा दोनदा उडून जाईल, आणि तो साधारण दीड तासाने एकदा उडतो. मिक्सर मात्र आणू नये. भारतातला 230 व्होल्टचा, इथली वीज 120 व्होल्टची. तो चटणी वाटणार नाही, नुसता विचार करत बसेल. सुक्या चटण्या, मेतकूट आणि भाजणी एवढ्यावर मराठी कुटुंब महिनाभर तग धरू शकतं.

वीज 30 अँपियरची, म्हणजे सगळं मिळून 3,600 वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली ही तीन एकत्र लावली की सगळं ठप्प होतं आणि कोण शेवटचं बटण दाबून गेलं यावर चर्चासत्र भरतं. म्हणून किटली लावण्याआधी 'एसी बंद करतेय गं!' असा पुकारा करावा. जिथे विजेची जोडणी नाही तिथे जनरेटर आहे, पण रात्री तो लावायला मनाई असते, आणि भाडेकरारात त्याचे तासही मोजले जातात.

आता पाणी. गाडीच्या पोटात तीन टाक्या: स्वच्छ पाण्याची, मोरी-आंघोळीच्या पाण्याची आणि तिसरी, जिचं नाव जेवताना घेऊ नये. पाणी तापवण्याचा बंब बहुतेक 6 गॅलनचा, म्हणजे बावीस-तेवीस लिटरचा. त्यात सहा जणांच्या आंघोळी बसवणं हे धरणातलं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचवण्याइतकं नाजूक काम आहे, आणि घरात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस असेल तर ते त्याच्याकडेच द्यावं. तो आवर्तनं ठरवतो, टेलच्या लोकांना म्हणजे नातवंडांना पाणी कमी सोडतो आणि तक्रार केली तर लेखी द्या म्हणतो.

तिसरी टाकीही त्याच्याच अखत्यारीत आपोआप येते. नियम सोपे आहेत. हातमोजे घालावेत. जाड नळी आधी जोडावी, मग झडप उघडावी. हा क्रम उलटा झाल्याच्या कथा कॅम्पग्राऊंडवर फार आवडीने सांगितल्या जातात. आधी मैल्याची टाकी सोडावी, मग आंघोळीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. आणि मुक्कामी नळी कायम जोडलेली असली तरी मैल्याची झडप बंदच ठेवावी. उघडी ठेवली तर पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं मागे राहून स्मारक उभं करतं.

मुक्काम यलोस्टोनमध्ये असेल तर फिशिंग ब्रिजची जागा मिळवण्याचा प्रयत्न करावा. उद्यानात वीज, पाणी आणि मैलापाण्याची जोडणी तिन्ही तिथेच मिळतात. तिथे तंबूला परवानगी नाही, फक्त कडक भिंतींच्या गाड्या, कारण तो अस्वलांचा रहिवास आहे. हे आजीला आधी सांगावं की नंतर, यावर दोन मतं आहेत. अन्नाचा कण बाहेर राहू देऊ नये. अस्वलाला लसूणचटणी झेपणार नाही, हा तर्क ग्राह्य नाही.

प्राण्यांपासून अंतराचे नियम ठरलेले आहेत: गवे (म्हणजे तिकडचे बायसन) आणि एल्कपासून 25 यार्ड, अस्वल आणि लांडग्यांपासून 100 यार्ड. गवा म्हशीसारखा दिसतो, म्हणून तो म्हशीसारखा वागेल असं धरून चालू नये; तो माणसाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने धावतो. रस्त्यावर गव्यांचा कळप आडवा आला की गाडी थांबवून बसावं. हॉर्न वाजवण्याची सवय पुण्यात सोडून यावी.

पण सगळ्यात जास्त जपायचं ते गरम पाण्याच्या उन्हाळ्यांपाशी. वज्रेश्वरीला, राजापूरच्या उन्हाळ्याला जाऊन आलेली आजी वाफाळतं निळं पाणी बघून चपला काढायला लागते. पण इथली कुंडं उकळीच्या जवळ पोचलेली आणि भोवतीची जमीन पापुद्र्याइतकी पातळ. यलोस्टोनमध्ये माणसांचा बळी कोणत्याही प्राण्यापेक्षा या पाण्याने अधिक घेतला आहे. लाकडी वाटेवरून पाय खाली टाकू नये. 'लांबूनच नमस्कार करा' ही सूचना इथे शब्दशः पाळली जाते, आणि आजीला ती पटतेही.

रिव्हर्स घेणे हा स्वतंत्र विषय आहे. संध्याकाळी झाडांच्या दाटीत, ठरलेल्या जागी गाडी मागे घ्यायची असते. अशा वेळी मराठी कुटुंबातली पाच माणसं खाली उतरतात आणि पाच दिशांना उभी राहून एकाच सुरात 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे' म्हणतात. 'बस' हा शब्द सगळ्यांना एकदमच सुचतो, धडक झाल्यावर. म्हणून खाली एकालाच उतरवावं, शक्यतो कमी बोलणाऱ्या नातवंडाला. लेखक जॉन स्टाइनबेकने 1960 मध्ये ट्रकवर बांधलेल्या खोलीतून अमेरिका पालथी घातली, सोबत फक्त चार्ली नावाचा कुत्रा. पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. कुत्रा 'येऊ दे' म्हणत नाही, हे त्या पुस्तकामागचं मोठं कारण असावं.

परतीच्या दिवशी टाक्या रिकाम्या, इंधन भरलेलं आणि फरशी झाडलेली लागते, नाहीतर पैसे कापले जातात. त्यासाठी आदल्या संध्याकाळीच डंप स्टेशन गाठावं. मात्र एक लक्षात ठेवावं: मैल्याची टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे या गाड्यांमध्ये सर्रास खोटं बोलतात. आत काहीतरी चिकटून राहतं आणि रिकामी टाकीही दोन-तृतीयांश भरलेली दिसते. काउंटरवरचा मुलगा त्या दिव्यांकडे बोट दाखवेल. अशा वेळी मुलाने इंग्रजी झाडू नये, सुनेने करारपत्र काढू नये. आजोबांना पुढे करावं. ते चष्मा पुसतात, दिव्यांकडे बघतात आणि विचारतात, "हे मीटर शेवटचं कॅलिब्रेट कधी केलंय?"