रेडॉनवाले सर

पहाटे चारला समोरच्या गच्चीवर टॉर्च हलली की गल्लीतले नवे भाडेकरू "चोर, चोर" करून ओरडतात. जुने कूस बदलतात. वर रेडॉनवाले सर असतात. नोकरीतून निवृत्त झाले, भौतिकशास्त्रातून नाही. पाण्याच्या टाकीशेजारी त्यांचा डबा असतो. त्यातला पंप रात्रंदिवस हवा ओढतो आणि यंत्र रेडॉन मोजतं. वहिनी त्या डब्यावर पापड वाळत घालत नाहीत, एवढाच त्यांचा विज्ञानाला पाठिंबा.

"मातीतल्या रेडियमपासून हा वायू होतो. वर येतो, कुणाशी संयोग पावत नाही, ३.८ दिवसांत निम्मा होतो. पाहुणासुद्धा असाच असावा," सर एकदा जेवताना म्हणाले. लातूरचे मेहुणे तेव्हा सहाव्या दिवशी नांदेडला त्यांच्याच ताटाशेजारी बसले होते.

शेजारच्या गोठेवाल्याला त्यांनी एकदा समजावलं. "रात्री जमिनीलगत गार हवा साचते, वर झाकण बसल्यासारखं होतं. त्याखाली जमिनीचा रेडॉन आणि तुमच्या म्हशींचा मिथेन एकत्र साठतात. जमीन रेडॉन किती सोडते त्याचा अंदाज असतो; दोघांचा चढ ताडून पाहिला की मिथेनचा हिशेब निघतो."

"म्हंजे म्हशीवर बी टॅक्स लागणार का सर?"

दुसऱ्या दिवशी गोठ्याला गच्चीच्या बाजूनं ताडपत्री लागली.

टास्मानियातल्या केप ग्रिमचं नाव सर पंढरपूरसारखं घेतात. तिथं हवेत रेडॉन कमी दिसला की शास्त्रज्ञ ओळखतात, हवा समुद्रावरून आली, जमिनीवरच्या धुरानं बाटलेली नाही. मग तिच्यातला कार्बन डायऑक्साइड मोजायचा.

एकदाच त्यांना गप्प बसलेलं पाहिलं, ते किल्लारीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर तिथं जमिनीतून काही वर येतं म्हटलं की माणसं दचकतात. एका म्हातारीनं विचारलं, "मंग ह्यो डबा भूकंप आदुगर सांगंल का?" एरवी तासभर बोलणारे सर म्हणाले, "नाही, माय." चहा संपवून उठले.

पावसाळा मात्र त्यांचा वैरी. ओल्या मातीची छिद्रं बुजतात, रेडॉन आतच अडकतो; मोसमी वारा आणतो ती समुद्राकडची हवा, तिच्यात तो जेमतेम. अख्ख्या मराठवाड्यात पावसाला नाक मुरडणारा हा एकटाच माणूस असावा.

यंदा पहिली मोठी सर आली तेव्हा सगळी गल्ली गच्च्यांवर भिजत होती. सरांनी छत्री डब्यावर धरली, स्वतः भिजले आणि वहीत लिहिलं : घसरला.